चढावरचं लाल स्टूल

वरून माणूस ओळखता येत नाही, हे मी आमच्या खात्यात नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगते. वरून दिसतं ते डोकं, खांदे आणि सावली. नाकडोळे, स्वभाव, आजार असलं काही दिसत नाही, आणि आपल्या कामाला त्याची गरजही नाही. हे सांगताना माझा आवाज चढतो असं लोक म्हणतात. चढू दे. ज्याला आपलं काम येतं त्यानं हळू का बोलावं? तर त्या मंगळवारी सकाळी, चहाचा पहिला घोट अजून तोंडात असताना, मी माझ्या वडिलांना वरून ओळखलं. एकदा नाही, तीनदा. पडद्यावर वरच्या वस्तीतून खाली येणारा चढाचा रस्ता उघडला होता, गेल्या मंगळवारी ड्रोननं टिपलेला, आणि त्या एकाच रस्त्यावर, एकाच फोटोत, माझे वडील तीन ठिकाणी होते. खाली विजेच्या पेटीपाशी एक, मधल्या वळणावर एक, आणि वर लोखंडी कठड्याला धरून एक. घोट गिळायला मला जरा वेळ लागला.

आता यात भुताटकी काही नाही. ड्रोन शहरावरून उडतो तो शेत नांगरल्यासारखा, एक पट्टा इकडून, दुसरा तिकडून, आणि प्रत्येक पट्टा शेजारच्या पट्ट्यावर थोडा चढलेला. मग सॉफ्टवेअर ते सगळे पट्टे शिवून एक अखंड फोटो बनवतं. घरं जागची हलत नाहीत म्हणून ती एकदाच दिसतात. चालणारा माणूस मात्र एका पट्ट्यात इथं आणि पुढच्या पट्ट्यात तिथं सापडतो. आम्ही त्यांना जुळे म्हणतो. नकाशा वरिष्ठांपुढे जाण्याआधी हे जुळे पुसून टाकायचे असतात, नाहीतर कुणीतरी हमखास विचारतं की या रस्त्यावर एवढे लोक एकसारखे कपडे घालून का हिंडताहेत. मी त्या सकाळी तेच करत होते. एक सायकलवाली पुसली, एका कुत्र्याची चार कुत्री झाली होती त्यातली तीन पुसली, आणि पांढऱ्या टोपीच्या माणसावर आले. टोप्या पुष्कळ असतात. पण त्याच्या शेजारी लाल चौकोन होता, आणि त्या लाल चौकोनाच्या एका कोपऱ्यात पांढरा गोल डाग होता. आईनं एकदा गरम पातेलं चुकून स्टुलावर ठेवलं होतं, त्याचा तो डाग. घडीचं लाल स्टूल, स्वयंपाकघरात ओट्याखाली असायचं. आई त्यावर बसून भाजी निवडायची. आई जाऊन दोन वर्षं झाली आणि स्टूल रस्त्यावर निघालं होतं.

मी तिन्ही फोटोंच्या वेळा काढून पाहिल्या. ते अगदी सोपं असतं, प्रत्येक फोटोवर वेळ नोंदलेली असते. पेटीपासून कठड्यापर्यंत पोचायला त्यांना किती वेळ लागला तो आकडा मी इथं सांगणार नाही. तो माझ्यात आणि त्यांच्यात राहील. एवढंच सांगते की मी खुर्ची मागं सरकवून उभी राहिले, आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "काय गं, वीज गेली का?" वीज गेलेली नव्हती. सगळे दिवे लख्ख चालू होते.

माझं काम काय ते सांगायला हवं, म्हणजे मी का उभी राहिले ते कळेल. बारा शहरांनी मिळून ठरवलंय की आपापल्या सेवा एकमेकांशी ताडून बघायच्या. कचरा किती दिवसांनी उचलतात, अग्निशमनाची गाडी किती वेळात पोचते, घरापासून दवाखाना किती लांब. सगळ्यांचं माप एकच, म्हणजे कुणी कुणाला फसवायला नको. पूर्वी प्रत्येक शहर आपापली पाठ आपणच थोपटून घ्यायचं. आता ते नकाशावर बघावं लागतं. दवाखान्याचं माप मी स्वतः बसवलं, आणि बाराही शहरांनी ते मान्य केलं, याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. घराच्या दारातून निघायचं, रस्त्यारस्त्यानं चालायचं, चालीचा वेग ठरलेला, दहा मिनिटांत दवाखाना आला तर घर हिरवं, नाही आला तर पिवळं, त्याहून लांब असलं तर लाल. या मापात आमचं शहर पहिलं आलं. नुसतं पहिलं नाही, दुसऱ्याच्या बरंच पुढे. आमच्या साहेबांनी तो नकाशा मोठा छापून जिन्यावर लावला. साहेबांना आम्ही होकायंत्र म्हणतो, कारण आयुक्त ज्या दिशेला असतील त्या दिशेला त्यांची मान आपोआप वळते. पण माणूस वाईट नाही. आणि त्याच नकाशातून दुसरी एक गोष्ट निघाली. वरच्या वस्तीतली घरं वरच्या लहान दवाखान्यामुळेही हिरवी होती आणि उताराखालच्या मोठ्या दवाखान्यामुळेही हिरवी होती. एकाच घराला दोन दवाखाने कशाला? अहवालात मी तसं स्वच्छ लिहिलं. वरचा दवाखाना तीन महिने बंद ठेवून बघायचं ठरलं, आणि कुणाची मोठी तक्रार आली नाही तर येत्या शुक्रवारच्या बैठकीत तो कायमचा बंद व्हायचा होता. तक्रार आली नव्हती. वरच्या वस्तीत माझे वडील राहतात, माझ्या भावाकडे.

ती शिफारस चुकीची होती असं तेव्हा म्हणायला काही कारण नव्हतं आणि आजही मी स्वतःला दोष देत नाही. माप सगळ्यांना सारखं होतं. तरी त्या सकाळी मला आठवत होती ती भिंत. नकाशा पहिला आला तेव्हा त्याची एक प्रत मी वडिलांना दिली होती, त्यांनी ती काच लावून आपल्या खोलीत टांगली, आणि घराच्या जागी निळ्या पेनानं फुली मारली. येणाऱ्याजाणाऱ्याला ते त्या भिंतीपुढे उभं करायचे. आयुष्यभर त्यांनी बस चालवली. छापलेल्या वेळेवर त्यांची भलती श्रद्धा. घरात घड्याळ पुढे आहे की मागे असा वाद निघाला तर ते म्हणायचे, टाइमटेबल बघा. जेवायला उशीर झाला तर ते आईला काही बोलायचे नाहीत, नुसते भिंतीकडे बघायचे, आणि आई म्हणायची, "भिंतीला काय विचारता, कुकरला विचारा." दवाखान्यात पोचायला किती वेळ लागतो असं मी त्यांना फोनवर विचारलं की उत्तर ठरलेलं: "दहा मिनिटं. तुझ्या नकाशात आहे तेवढी." आणि मी, जी बारा शहरांच्या आकड्यांवर कधी विश्वास ठेवत नाही, मूळ नोंदी मागवते, त्या एका आकड्यावर मुकाट्यानं विश्वास ठेवत आले, कारण तो माझाच होता. काखेत कळसा आणि बारा गावांना वळसा.

मी वहिनीला फोन लावला. ती दुकानात होती, मागे कुणीतरी कापड टराटरा फाडत होतं. "बाबा? ते तर सकाळीच ड्रेसिंगला गेले, ताई. मंगळवार ना आज. दहा मिनिटांवर तर दवाखाना, मग बागेत बसतात म्हणे जेवायच्या वेळेपर्यंत. का हो, काय झालं?" मी म्हटलं काही नाही, आईचं ते लाल स्टूल कुठे असतं गं हल्ली? "ते होय, बऱ्याच दिवसांत दिसलं नाही खरं. मला वाटलं, तुम्हीच आठवण म्हणून नेलंत. विचारायचं कसं, म्हणून गप्प बसले." आम्ही दोघी मग काहीतरी हवापाण्याचं बोललो. वडिलांच्या टाचेला एक जखम आहे, साखरेमुळे भरत नाही, आणि तिची मलमपट्टी वेळच्या वेळी झाली नाही तर काय होतं हे डॉक्टरांनी आम्हाला सगळ्यांना बसवून सांगितलं होतं. पाय जातो. मी संगणक चालूच ठेवला, पर्स उचलली आणि निघाले. शेजारच्या बाईंना सांगितलं, साइटवर जातेय. ते खोटं नव्हतं.

चढाच्या पायथ्याशी मी उतरले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. या रस्त्याच्या प्रत्येक वाकणाचा कोन मला पाठ आहे, आणि गेल्या कित्येक वर्षांत मी तो पायी चढलेले नव्हते. येते ती गाडीनं, जाते ती गाडीनं. विजेच्या पेटीपाशी कुणी नव्हतं. पेटीच्या सावलीत सिमेंटवर चार बारीक खुणा होत्या, चौकोनात, रबराच्या. रोज नाही पण वारंवार काहीतरी तिथंच टेकवल्याच्या. वळणावर गेले आणि ते दिसले. उभेच होते, नुकतेच उठलेले असावेत. मला बघताच त्यांनी एक पाऊल बाजूला टाकलं आणि स्टूल पायांमागे घेतलं. एवढा उंच माणूस, गुडघ्याएवढं लालभडक स्टूल माझ्यापासून लपवायला बघत होता.

"तू इथं कशी? ऑफिसला बुट्टी?"

"ऑफिसच्याच कामाला आलेय."

"मग कर काम. मी घरी चाललोय."

"हे काय आहे?"

"स्टूल."

"ते दिसतंय मला, बाबा."

"दिसतंय तर विचारतेस कशाला?"

मी स्टूल उचललं. त्यांनी दिलं, कुरकुर न करता दिलं, आणि त्याचाच मला धक्का बसला; ज्या माणसानं कधी कुणाला आपल्या हातातली साधी पिशवी घेऊ दिली नाही तो माणूस. आम्ही चालायला लागलो. त्यांच्या चालीनं चालणं मला जमेना. माझे पाय सारखे पुढे जायचे, मग थांबायचे, मग लाजल्यासारखे मागे यायचे. हळू चालणंही यावं लागतं हे मला ठाऊक नव्हतं. त्यांचा श्वास माझ्या उजव्या कानाशी होता, जड, आत घेताना बारीक शीळ वाजणारा, आणि तो ऐकता ऐकता मी सात वर्षांची झाले आणि त्यांच्या बसमध्ये त्यांच्या पाठीमागच्या सीटवर बसले. शाळेला सुट्टी असली की ते मला एका फेरीला न्यायचे. हाच चढ. तेव्हा दोन्ही बाजूंना घरं नव्हती, झाडं होती. पायथ्याशी आलं की ते गिअर बदलायचे आणि मला न बघता म्हणायचे, धर घट्ट. इंजिनाचा आवाज खोल जायचा, पायाखालचा पत्रा थरथरायचा, डिझेलचा वास, गरम रेक्झीनचा वास, आणि पुढे त्यांची मान, मानेवरच्या आडव्या घडीत घामाची एक रेघ. बस इतकी हळू चढायची की बाहेर चालणारी माणसं आमच्याबरोबर चालायची, खिडकीतून माझ्याशी बोलायची. मला वाटायचं, ही बस थांबली तर मागे मागे घसरत समुद्रापर्यंत जाईल. समुद्र कुठे जवळपास नव्हता, तरी वाटायचं. ती कधी थांबली नाही. वर पोचलो की ते घड्याळ बघायचे आणि त्यांचा चेहरा उतरायचा. उतरण आणि चढण, दोन्हीला टाइमटेबलात वेळ सारखीच दिलेली होती. उतरताना ते वेळेआधी पोचून खाली थांबून राहायचे आणि चढताना उशीर व्हायचा. सगळ्यांनाच व्हायचा. बाकीचे ड्रायव्हर डेपोत भांडायचे, टाइमटेबल करणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. माझ्या वडिलांना एकदा मेमो मिळाला तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. जेवले नाहीत एवढंच. आई तावातावानं म्हणाली होती, "चढावर बस काय उडणार आहे का? जाऊन सांगा की त्यांना." ते म्हणाले, "छापलंय ते छापलंय. मीच कमी पडलो."

कठड्यापाशी आलो तसं मी स्टूल उघडून ठेवलं. ते बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर, तळवे जरासे आतल्या बाजूला, स्टिअरिंग धरल्यासारखे. ते नेहमी तसेच बसतात. पट्टीची कड पिवळी झालेली मला दिसली.

"नर्सनं आज नवी पट्टी नाही केली?"

"गर्दी होती. पुढच्या मंगळवारी म्हटलं."

"बाबा, आठवड्यातनं किती वेळा बोलावलंय?"

"दोनदा. पण एकदा पुरतं मला. जखमेला काय कळतंय?"

मी कठड्याला टेकले. लोखंड तापलेलं होतं, पाठीला चटका बसला, तरी टेकून राहिले. "वरचा दवाखाना बंद झाला तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत. एक तक्रार करायची. मला नाही तर नाही, ऑफिसात फोन करायचा."

"कशाची तक्रार? दहा मिनिटं लिहिलंय, तर दहा मिनिटांत मी खाली पोचतो. अगदी वेळेवर. वर यायला थोडा कमी पडतो, ते माझं मी बघतो." मग जरा दम घेऊन, आवाज खाली आणून, "शेजारचे मास्तर परवा म्हणत होते, तुमच्या मुलीचा नकाशा खोटा आहे, दवाखाना केवढा लांब पडतो. मी म्हटलं, मास्तर, नकाशा खोटा नाही, तुमचे पाय खोटे आहेत. सह्या गोळा करत होते, मी नाही केली. माझी नाही हे बघून मग कुणीच नाही केली."

मी हसले आणि कठड्यावरून खाली बघत राहिले. तर तक्रार का आली नव्हती ते हे असं. एक म्हातारा माणूस टोपी घालून, जिन्याखाली मीटरच्या मागे (हे मला नंतर कळलं) स्टूल दडवून, सुनेला बागेत बसतो म्हणून सांगून, माझ्या नकाशाची इज्जत राखत होता. आणि त्यासाठी पाय पणाला लावून बसला होता. मला माझा राग आला, त्यांचाही आला. पण त्याहून मोठं काहीतरी डोक्यात सरकत होतं, आणि ते काम होतं. मला कामाची चाहूल आधी हातांना लागते, बोटं शिवशिवतात. आमच्या नकाशात माणूस घरातून निघतो, दवाखान्यात पोचतो, आणि संपतो. त्याला कुणी परत आणतच नाही. बाराही शहरांत लाखो लोक आम्ही रोज दवाखान्याच्या दारात नेऊन सोडतो आणि तिथंच विसरतो. डोळ्यांपुढे खालचा मोठा दवाखाना आला, त्याची बाकं, बाकांवर बसलेले, बाकं भरल्यावर जिन्यावर बसलेले, जिना भरल्यावर फाटकापर्यंत उभे राहिलेले, हातात औषधाच्या पिशव्या घेऊन, वर बघत, घरी जायचं राहून गेलेले सगळे. आणि त्यांच्यात एकटेच माझे वडील स्टूल घेऊन निघालेले. ते चित्र इतकं स्वच्छ दिसलं की मला भीती वाटायच्या ऐवजी हुशारी आली. हे मोजता येतं. हे मला मोजता येतं.

"चला, कमी पडणारे," मी म्हटलं, "उठा."

"बसू दे की अजून दोन मिनिटं," ते म्हणाले. अशी कबुली मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली.

त्यांना घरी सोडलं आणि संध्याकाळी भावाला सगळं सांगून टाकलं. शुक्रवारच्या दुसऱ्या ड्रेसिंगला तो त्यांना गाडीनं नेणार असं ठरलं. पण एका मुलानं एका बापाला गाडीनं नेणं ही सेवा नव्हे. ऑफिसात परत येऊन मी बसले. बाराही शहरांच्या रस्त्यांची उंची आमच्याकडे पहिल्यापासून होती, पावसाचं पाणी कुठे तुंबतं ते बघायला घेतलेली. दवाखान्यासाठी ती वापरावी असं कुणाला सुचलं नव्हतं. मी चाल बदलली. धडधाकट माणसाच्या जागी सत्तरी ओलांडलेला, पाय दुखणारा माणूस घेतला. जाणं आणि येणं, दोन्ही धरलं. चढाला चढाचा वेळ दिला. आणि नुसत्या आपल्या शहराला नाही, बाराही शहरांना तेच माप लावलं, कारण एकट्यानं कबुली देणं म्हणजे रडगाणं. सगळ्यांना सारखं तोललं की ती तुलना. संगणक कुरकुरत चालत राहिला आणि गुरुवारी दुपारी रंग भरले गेले. आमचं शहर पहिल्यावरून नवव्यावर आलं होतं. आणि जे शहर कायम तळाला असायचं, ज्याला आम्ही बैठकीत मनातल्या मनात हसायचो, परातीसारखं सपाट, ते उडी मारून दुसरं आलं. मला खरंच गंमत वाटली. वरच्या वस्तीवर पाहिलं. निळ्या फुलीची जागा गडद लाल होती.

होकायंत्रांपुढे मी दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवले. त्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला.

"बाई, आपण पहिले आहोत."

"होतो."

"बाकीच्या शहरांनी हे असं मोजलेलं नाही."

"मी मोजलंय. बाराही."

"कुणी सांगितलं होतं मोजायला?"

"कुणी नाही."

"म्हणजे उद्या बैठक, आणि आज आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा?"

"धोंडा रस्त्यातच आहे, साहेब. मी तो नकाशात दाखवला."

वाईट माणूस नाही म्हटलं ते उगीच नाही; त्यांनी बोट लाल भागावर ठेवलं आणि हळूच विचारलं, "वरची वस्ती. तुमचं माहेर तिकडेच ना? उद्या कुणी विचारलं, यात घरचं काही आहे का, तर?"

"आहे ना. माझे वडील आहेत. ड्रोनच्या फोटोत एकाच रस्त्यावर तीनदा आलेत, मी दाखवते तुम्हाला. नियमाप्रमाणे जुळे पुसायचे असतात. पुसू का?"

साहेबांनी कागद एकत्र केले, कडा टेबलावर आपटून नीट केल्या आणि माझ्याकडे सरकवले. "आयुक्तांना तुम्ही सांगा. मी शेजारी बसतो." एवढं पुरे होतं. त्यांची मान आयुक्तांकडे वळायची थांबून क्षणभर तरी खिडकीकडे वळलेली मी बघितली.

शुक्रवारच्या बैठकीत मी फार बोलले नाही. आयुक्त घाईत होत्या. त्यांनी विचारलं, यातला खरा नकाशा कुठला? मी म्हटलं, दोन्ही. एक दवाखान्यात जायचा आणि एक घरी यायचा. कुणीतरी म्हणालं, नववा नंबर आपणच जाहीर केला तर लोक हसतील. मी म्हटलं, हसू देत, लोक बसून हसतील तरी. त्यावर स्वतः आयुक्तच हसल्या. मग फोटो दाखवला, पेटी, वळण, कठडा. ते माझे वडील आहेत हेही सांगितलं. आयुक्तांनी विचारलं, "हातात काय आहे त्यांच्या?" मी सांगितलं, स्टूल. वरचा दवाखाना बंद करायचा ठराव मागे घेतला गेला. पूर्ण वेळ नाही, पण आठवड्यातले तीन दिवस सकाळी तो उघडणार, आणि ड्रेसिंग तिथं होणार. अहवालात दोन्ही नकाशे जाणार, खाली आयुक्तांची सही. सपाट शहराच्या नकाशाबाईंचा संध्याकाळी मला फोन आला, आवाजात खुशी मावत नव्हती, येण्याचं माप कसं बसवलंत तेवढं पाठवाल का? मी म्हटलं पाठवते, पण शिकवणीला तुम्हीच इकडे या, आणि येताना चढ पायी चढा.

रविवारी नवा नकाशा गुंडाळी करून मी वरच्या वस्तीत गेले. या वेळी पायी. वहिनी स्वयंपाकघरात होती, भाऊ बाहेर गेला होता. वडील आपल्या खोलीत त्या काचेखालच्या नकाशापुढे खुर्ची टाकून बसले होते. मी गुंडाळी सोडली आणि पलंगावर पसरली. त्यांनी चष्मा पुसला आणि वाकले. बोट बराच वेळ हिरव्या भागातून फिरत राहिलं, रस्ता धरून, वळण धरून.

"आपलं घर कुठाय?"

मी दाखवलं.

"लाल?"

"लाल."

ते सरळ झाले. मला वाटलं आता चिडतील, म्हणतील माझ्यासाठी म्हणून तू शहराचं नाव घालवलंस. मी उत्तरं तयार ठेवली होती, चांगली ठणठणीत उत्तरं. पण ते परत वाकले आणि कोपऱ्यातली रंगांची चौकट वाचायला लागले, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून, जसं ते पूर्वी बसवरच्या पाट्या मला वाचून दाखवायचे. लाल म्हणजे किती वेळ तेही वाचलं. जाणं वेगळं, येणं वेगळं. मग बोट सहीवर आलं.

"हे छापलंय?"

"छापलंय."

"सगळीकडे हेच लागणार?"

"बाराही शहरांत, बाबा."

ते उठले आणि बाहेर गेले. जिना उतरताना त्यांचा एक पाय जड वाजत होता, तो मी ऐकत राहिले. खाली मीटरच्या पेटीमागे काहीतरी खरवडल्याचा आवाज झाला. मग जड पाय परत वर यायला लागला, सावकाश, मध्ये एकदा थांबून. मी मदतीला गेले नाही. ते दारात आले तेव्हा हातात लाल स्टूल होतं, उघडं, कुणालाही दिसेल असं धरलेलं. वहिनी पदराला हात पुसत बाहेर आली आणि बघतच राहिली. त्यांनी ते स्वयंपाकघरात नेलं, ओट्यापाशी जिथं आई बसायची तिथं ठेवलं, आणि त्यावर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर.

"ड्रायव्हरची चूक नव्हती," ते ओट्याकडे बघून म्हणाले.

"कुठला ड्रायव्हर, बाबा?" वहिनीनं विचारलं.